एकशे दहा पावलं

मी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो, हे त्या दिवशी मी कबूल केलं नसतं तर फार बरं झालं असतं.

झालं असं, की माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक किंचाळायला लागला होता. मागं मंगल, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, बसलेल्या. अहमदपूरच्या बाजारातून जाताना लोक वळून वळून बघत होते, आणि ते आपल्या जोडीकडं बघतायत असा माझा बराच वेळ समज होता. मंगलनं तो दूर केला आणि गाडी यूसुफ मिस्त्रींच्या गॅरेजकडं घ्यायला लावली.

हे गॅरेज नांदेडच्या रस्त्याला, आमच्या शाळेच्या अलीकडं. तिथं फक्त ब्रेकचं काम व्हायचं. इंजिन बिघडलं, हॉर्न वाजेना, असलं काही घेऊन कोणी आलं की मिस्त्री मान वर न करता सांगायचे, "चालवायचं काम पुढच्या गॅरेजला. हितं फकस्त थांबवायचं."

त्यांनी ब्रेक खोलला, लायनर बदलले, आणि हात पुसत मला विचारलं, "सर, चाळीसच्या स्पीडला गाडी वीस पावलांत थांबली. ऐंशीला किती पावलं घेईल?"

"चाळीस," मी म्हणालो. इतकं झटकन उत्तर मी बी.एड.च्या तोंडी परीक्षेतही दिलं नव्हतं.

मिस्त्रींनी पाना ट्रेमध्ये टाकला. ठेवला नाही, टाकला.

"कितवीला शिकवता?"

"नववीला."

"इषय?"

"विज्ञान."

बाकावर चहा पीत बसलेल्या दोन जीपवाल्यांनी कप खाली ठेवले. मिस्त्री मंगलकडं वळून म्हणाले, "भाभी, उतरा खाली. पावलं तुम्ही मोजा. ह्यांच्यावर भरोसा न्हाई."

गॅरेजसमोर रस्त्यावर खडूची एक आडवी रेघ कायम असायची. मिस्त्री माझी गाडी घेऊन लांब गेले, चाळीसनं आले, रेघेवर ब्रेक दाबला. मंगल रेघेपासून गाडीपर्यंत चालत गेली. तिची पावलं लहान, तेवीस झाली. मग ते ऐंशीनं आले. माझ्या गाडीला ऐंशी जमतात हे मला त्याच दिवशी कळलं. मंगल मोजत मोजत पार लिंबाच्या झाडापलीकडं गेली आणि तिथून ओरडली, "नव्वद!"

दुप्पट नाही. चौपट.

"पोरांना काय शिकवून राहिले तुम्ही?" मिस्त्री म्हणाले. राग एवढा, की कामाचे पैसेही घेतले नाहीत. म्हणाले, आधी बरोबर शिकवा, मग द्या.

तर हे यूसुफ मिस्त्री. माझ्या ओळखीतला सगळ्यात संतापी माणूस. आणि आता मागं वळून बघताना वाटतं, आमच्या भागात संताप करायच्या जागी संताप करणारा बहुधा एकटाच.

अंगानं काटक, उंच, दाढी पांढरी, पण ब्रेकच्या काळ्या भुकटीनं तिचा टोकाचा भाग कायम करडा. घराणं अहमदपुरात चार पिढ्यांचं. आजोबा टांग्याची चाकं करायचे. बायको वारलेली, मुलगी नांदेडला दिलेली. मिस्त्रींचं पाऊल म्हणजे माप होतं. मी एकदा टेप लावून बघितला: दहा पावलं, साडेसात मीटर. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा साडेसात. तिसऱ्यांदा म्हणालो तर डोळे वटारले.

ब्रेकचं काम झालं की गाडी ते स्वतः चाळीसनं चालवून बघत. रेघेवर ब्रेक, मग खाली उतरून पावलं. जो आकडा येईल तो ड्रायव्हरच्या दरवाजाला आतून खडूनं लिहायचे. वीस, एकवीस, बावीस. बावीसच्या वर गेलं तर चावी मिळायची नाही. एकदा एक टिपरवाला मालक चार माणसं घेऊन आला. गाडी सत्तावीसवर थांबत होती आणि त्याला त्याच दिवशी किल्लारीला खडी टाकायची होती.

"मिस्त्री, पाच पावलांनी काय फरक पडतो?"

मिस्त्री उठले, रेघेपासून बावीस पावलं चालले आणि त्याच्या सगळ्यात धाकट्या माणसाला दंडाला धरून सव्विसाव्या पावलावर उभं केलं. "आता सांगा. ह्याला विचारून सांगा."

मालक शिव्या देत गेला. चावी मिस्त्रींच्या खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी गाडी एकवीसवर थांबली तेव्हाच टिपर हलला.

माझी त्या दिवशी शोभा झाल्यावर मी चार दिवस तिकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी मिस्त्रीच शाळेत आले. मी वर्गात मुलांकडून अंतराचं सूत्र म्हणवून घेत होतो, "यूटी अधिक अर्धा एटी वर्ग." साठ मुलं एका सुरात. मिस्त्री दारात उभे.

"अर्धा कशाला?" त्यांनी विचारलं.

साठ माना माझ्याकडं वळल्या. मी फळ्याकडं वळलो. गेली वीस वर्षं हा अर्धा मी फळ्यावर लिहीत आलो होतो, पण तो कुठून आला, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःला विचारण्याइतका आगाऊ नव्हतो.

"पाठ केल्यानं गाडी थांबते व्हय?" एवढं बोलून ते गेले.

त्या रविवारी मी कागद घेऊन बसलो. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर वेग. ब्रेकचा जोर सारखाच राहिला, तर वेग सारखा कमी होत जातो. रेघ तिरकी उतरते आणि खाली त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजेच गाडीनं कापलेलं अंतर. त्रिकोण आला की अर्धा आला. मी कागद घेऊन धावत गॅरेजवर गेलो, शोध मीच लावल्यासारखा.

"बघा मिस्त्री. ब्रेक दाबला तेव्हा पूर्ण वेग, थांबली तेव्हा शून्य. म्हणजे सरासरी निम्मा. गाडी निम्म्या वेगानं तेवढा वेळ चालली असं धरायचं. हाच तो अर्धा. आता वेग दुप्पट केला, तर सरासरीही दुप्पट, आणि थांबायला लागणारा वेळही दुप्पट. दोन दुणे चार."

मिस्त्रींनी कागद बराच वेळ बघितला. त्रिकोणावर काळा अंगठा ठेवला, तो तिथं उमटला. मग म्हणाले, "आणि डोळ्याचं?"

"डोळ्याचं काय?"

"डोळ्यानं बघितल्यापासून पाय दाबेपर्यंत. तेवढ्यात गाडी तुमची वाट बघत थांबते काय? ऐंशीला तीस पावलं जाते तेवढ्यात. तीस आणि ऐंशी, एकशे दहा. चाळीसला पंधरा आणि वीस, पस्तीस. लिहा."

मी लिहिलं. हे दोन आकडे, पस्तीस आणि एकशे दहा, तेव्हा मला फक्त चांगलं उदाहरण वाटले होते.

मग रस्ता नवा झाला. आधीचा रस्ता असा होता, की चाळीसच्या वर जाणाऱ्याची पाठ जायची. नवा रुंद, गुळगुळीत. आमच्या शाळेच्या अलीकडं एक उतार आहे, उताराच्या तळाशी वळण, आणि वळण संपलं की सपाटीवर शाळेचं गेट. जुन्या रस्त्यावर वळणापाशी 'पुढे शाळा आहे, सावकाश जा' असा बोर्ड होता. रस्त्याचं काम झाल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी तो रंग देऊन पुन्हा त्याच खड्ड्यात रोवला. मिस्त्रींनी तिथून गेटपर्यंत पावलं मोजली.

पस्तीस.

"रस्ता ऐंशीचा केला आणि बोर्ड चाळीसचाच ठेवला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तेव्हा राग नव्हता, विश्वास बसत नसल्याचा सूर होता. राग नंतर आला आणि मग गेलाच नाही.

अर्ज मी लिहिले. शुद्ध मराठीत, 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत. तीन अर्ज गेले, उत्तर आलं नाही. शेवटी आम्ही दोघं एसटीनं लातूरला त्या ऑफिसात गेलो. ऑफिस कोणतं ते सांगत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेल. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी संचिका काढली, पान शोधलं, बोट ठेवलं. "बोर्डाची जागा इथं दिलेली आहे. आम्ही त्याच जागी लावलाय. चूक काही नाही."

"साहेब, हा कागद कधीचा हाय?"

"जुनाच आहे. जागा बदललेली नाही ना."

"जागा न्हाई बदलली. स्पीड बदलली."

"त्याची संचिका वेगळी असते."

मिस्त्री उभे राहिले. साहेबांच्या टेबलाला पाठ लावली आणि चालायला लागले. मोठ्यानं मोजत. दारातून बाहेर, व्हरांड्यातून, टायपिंग करणाऱ्या बाईंच्या मागून. पस्तीसला पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी थांबले आणि तिथून ओरडले, "साहेब, हा तुमचा बोर्ड!" मग पुढं निघाले. जिना उतरून, अंगण ओलांडून, फाटकाबाहेर. सगळं ऑफिस खिडक्यांत. मी टेबलापाशी तसाच उभा, चेहऱ्यावर आपण ह्यांच्याबरोबर आलेलो नाही असा भाव आणून. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून आवाज आला, "एकशे दहा! हितं पाहिजे!"

साहेब हसले. "बघतो आम्ही," म्हणाले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

चार महिन्यांनी, शाळा सुटायच्या वेळी, बिलोलीचा एक ट्रक उतारावरून आला. वळण घेतलं, बोर्ड दिसला, पुढं गेटमधून मुलांचा लोंढा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. बाकीची मुलं वाचली. आठवीतली प्रतीक्षा सगळ्यांच्या पुढं होती. ट्रकच्या मागच्या फाळक्याचा फटका तिला बसला. डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. ती ओरडलीसुद्धा नाही. दप्तर, दप्तर, एवढंच म्हणत राहिली. तिला नांदेडला हलवलं.

गर्दीनं ड्रायव्हरला खाली ओढलं. कोणीतरी ट्रकचा दरवाजा उघडला आणि आतला खडूचा आकडा दिसला. वीस. आठ दिवसांपूर्वीचं काम, यूसुफ मिस्त्रींच्या हातचं. एवढं पुरलं. "ब्रेक फेल! मिस्त्रीनं काम नीट केलं न्हाई!" पाच मिनिटांत ते सगळ्या गावाला ठाऊक झालं.

पोलीस ठाण्यातले जमादार आले. पंच म्हणून सही करायला मास्तर बरा असतो. पळून जात नाही आणि अक्षर चांगलं असतं. त्यांनी कागद माझ्याच मोटारसायकलच्या सीटवर ठेवला. माझ्या शर्टाला प्रतीक्षाचं रक्त लागलेलं होतं. मी सही केली. वाचलं नाही.

दोन दिवसांनी मिस्त्री घरी आले. आत बोलावलं तर आले नाहीत. दारातच उभे.

"सर, पंचनाम्यात लिहिलंय, सदर वाहनाचे ब्रेक निकामी झाल्याने. खाली तुमची सही हाय."

मी दाराची कडी चाळवत राहिलो.

"वाचलं व्हतं?"

"नाही."

मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "चला," आणि चालू लागले. मी चपला घालून मागं. आमच्या मागं मंगल.

रस्त्यावर टायरचे काळे पट्टे अजून होते. बोर्डापासून मिस्त्री मोजत निघाले. पहिली तीस पावलं रस्ता कोरा. गेटच्या पाच पावलं अलीकडं पट्टे सुरू झाले, आणि गेट ओलांडून पुढं पंचाहत्तर पावलांवर संपले.

"तीस कोरी. ऐंशी काळी," मिस्त्री म्हणाले. "फेल झालेला ब्रेक काळा पट्टा उमटवतो का, सर? तुम्ही सायन्सचे. सांगा."

नाही उमटवत. चाक अडल्याशिवाय टायर घासत नाही. हे नववीतलं मूलही सांगेल. ब्रेकनं त्याचं काम शेवटच्या पावलापर्यंत केलं होतं. बोर्डानं केलं नव्हतं. बोर्डानं त्या ड्रायव्हरला पस्तीस पावलं दिली आणि गणिताला लागत होती एकशे दहा. आणि मी, त्रिकोण काढून तो अर्धा मिरवणारा माणूस, ब्रेक निकामी म्हणून सही करून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. मुख्याध्यापकांनी आधी समजावलं होतं, नोकरी दहा वर्षं राहिलीय, कशाला? जमादार म्हणाले, "सर, सही करताना डोळे कुठं होते?" मी म्हणालो, "तेच सांगायला आलोय." टेप लावून मोजलेला नकाशा जोडला, त्रिकोणासकट. पुढं तपासणारे अधिकारी आले, त्यांनी ट्रक चालवून बघितला आणि ब्रेक चांगले असल्याचं लिहून दिलं. मिस्त्रींचं नाव त्यातून सुटलं. मी पेढे घेऊन गॅरेजवर गेलो.

त्या सहीनंतर माझ्या आयुष्यातली ती दुसरी मोठी घोडचूक.

"पेढे?" मिस्त्री उभे राहिले. "कशाचे? माझं नाव सुटलं म्हणून? माझं नाव गेलं खड्ड्यात! बोर्ड हलला का? पोरीचा पाय मोडला, कागद बदलले, तुमची सही बदलली, आणि बोर्ड? पस्तीसलाच हाय! ज्यानं पाय मोडला तो तसाच उभा हाय रस्त्यावर, रंग देऊन!"

त्यांनी पहार उचलली. दुपारी बारा वाजता, सगळ्या गावादेखत, त्यांनी तो बोर्ड उपटला, खांद्यावर घेतला आणि गेटपासून मोजत वळणापलीकडं उतारावर चढले. एकशे दहाव्या पावलावर खड्डा खणून रोवला. मी पाणी आणून ओतलं, माती दाबली. तेवढंच माझं शौर्य.

आठवड्यानं ठेकेदाराची माणसं आली आणि बोर्ड जुन्या जागी लावून गेली. मिस्त्रींनी पुन्हा वर नेला. पुन्हा खाली आला. तिसऱ्या खेपेला तक्रार झाली, सरकारी मालमत्तेचं नुकसान. आणि मग जे झालं ते फक्त आपल्याकडंच होऊ शकतं. पोलिसांनी बोर्डच जप्त केला. मुद्देमाल म्हणून. तो अजून ठाण्याच्या मागच्या अंगणात, पकडलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत उभा आहे. 'पुढे शाळा आहे, सावकाश जा.' आणि शाळेपुढं काहीच नाही.

मिस्त्रींनी एका भंगारातल्या ट्रकचा दरवाजा आणला. त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'शाळा. पाय ब्रेकवर.' आणि रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला तो दरवाजा पुढ्यात धरून ते एकशे दहाव्या पावलावर उभे राहायला लागले. दरवाजा रोवला तर तोही जप्त होईल. माणसाच्या हातातला कसा जप्त करणार? गॅरेज त्या वेळी बंद. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं. जो कमी वेगानं जाईल त्याच्याकडं बघायचे नाहीत. जो जोरात जाईल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. प्रतीक्षा पाच महिन्यांनी शाळेत यायला लागली, कुबडी घेऊन, वडिलांच्या स्कूटरवर, त्याच रस्त्यानं. ती आली की मिस्त्री पाठ फिरवायचे.

"तिच्याकडं बघत का नाही?" मी एकदा विचारलं.

"चार महिने व्हते माझ्याकडं," ते म्हणाले. "लातूरहून आलो त्याच दिवशी उपटायचा व्हता. अर्ज कशाला करत बसलो?"

अर्ज मी लिहिले होते. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते एका शनिवारी. सकाळची शाळा, मला उशीर झालेला, उतारावर गाडी जरा जास्तच सोडली होती. हेल्मेटमुळं त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखलंही असेल. दरवाजा आडवा धरून ते रस्त्याच्या मध्ये आले. "ए! मास्तर असो का मिनिस्टर, पाय ब्रेकवर!" मी दाबला. त्यांच्याजवळून हळूच पुढं गेलो. आरशात बघितलं तर ते खाली वाकून, माझ्या टायरनं उमटवलेल्या पट्ट्याची पावलं मोजत होते.

मंगळवारी ते गेले. गॅरेजमध्येच, एका जीपचं चाक खोललेलं असताना. दफनाला मी होतो, ते दोन जीपवाले होते, बिलोलीचा तो ड्रायव्हर होता. नांदेडहून लेक आली होती; तिनं मला विचारलं, अब्बांचा तो दरवाजा कुठं आहे? तो एकशे दहाव्या पावलाशी, दगडाला टेकलेला होता. लिहिलेली बाजू जमिनीकडं.

घरी येऊन मी मंगलला सांगितलं, की आता मी त्या ऑफिसला चांगला खरमरीत अर्ज लिहिणार आहे. अगदी मुद्देसूद.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अर्ज राहू द्या. उद्या दहाला तो दरवाजा घेऊन तुम्ही उभं राहायचं. पावलं मी मोजून देते. तुमच्यावर भरोसा नाही."